पस्तीस तास

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या मालक आहात," असं फोनवरची बाई म्हणाली, तेव्हा मी माझ्या लेकीच्या, ऊनाच्या केसांत अडकलेली ओटची खीर काढत होते, आणि माझी बोटं तिथंच थांबली. मी स्वयंपाकघरात मालक शोधला. खरंच शोधला, मान वळवून. टेबलावर शिवणयंत्र, त्याच्या पायाशी ऊनाचा एकच बूट, खुर्चीच्या पाठीवर तीन जॅकेटं एकमेकांच्या अंगावर टाकलेली, खिडकीबाहेर धुकं आणि त्या धुक्यात समोरच्या घराचा पिवळा रंग, पाण्यात टाकलेल्या गोळीसारखा विरघळत चाललेला. मालकासारखं त्यात कोणी दिसेना. उंच खुर्चीत चमचा आपटत बसलेल्या ऊनाला म्हटलं तर म्हणता आलं असतं. "पण मी बेकार आहे," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात असा काही तोरा आला, जणू बेकारी मी परीक्षा देऊन मिळवली होती. "तुम्हीच कळवलंय, बाई," ती शांतपणे म्हणाली. तिच्यामागे कळफलक खडखडत होते. तीन-चार महिन्यांपूर्वीपर्यंत मीही अशाच खडखडाटात बसायचे, विमानात सामान हरवलेल्या लोकांचे फोन घेत. "आठवड्याला पस्तीस तास, जॅकेटच्या चेन बदलण्याचं काम. आठवड्याला पस्तीस तास स्वतःचा धंदा करणारा माणूस बेकार धरत नाहीत. ह्या पंधरवड्यापासून बेकारभत्ता थांबवलाय. मान्य नसेल तर अपील करा." आणि मग, माझ्यासारखीच शिकवून तयार केलेली असल्यामुळे, माझा दिवस चांगला जावो असंही तिने म्हटलं. मीही तिला तसंच म्हटलं. सवय.

पस्तीस हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक होतं, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दर दोन आठवड्यांनी भत्त्याच्या कचेरीच्या नंबरावर फोन लावायचा. तिथे यंत्रातली एक बाई विचारते, ह्या काळात तुम्ही काही काम केलंत का, स्वतःसाठी केलेलंही धरून? केलं असेल तर एक दाबा. मी आपली 'नाही' दाबत आले होते, आणि दर वेळी दाबताना रिकाम्या स्वयंपाकघरातसुद्धा माझी मान खाली जायची. आई आठवायची. आमच्या गावात खेकड्याच्या कारखान्याचा हंगाम संपला की सगळ्या बायका हिवाळाभर भत्त्यावर. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. समुद्रच गोठला तर बाईने काय करायचं? पण कचेरीचा माणूस दारात दिसला की आई धावत जाऊन ओलं फडकं घ्यायची आणि नुकतंच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागायची. त्याच्याशी सगळं बोलणं पुसता पुसता. मी पाच-सहा वर्षांची, टेबलाखाली बसलेली. डोक्यावर तो फडक्याचा आवाज, तेच ते गोल, तेच ते गोल. तो गेला की ती फडकं भिरकावून खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "ट्रूडी, बाहेरच्या माणसाला कधी रिकामे हात दाखवू नयेत गं. त्यांना वाटतं आपण असेच जन्मलो." तर त्या दिवशी यंत्रातल्या बाईने विचारलं तेव्हा माझ्या मांडीवर शेजारच्या घरातलं एक जॅकेट होतं, उलटं केलेलं, अर्धी चेन उसवलेली, आणि मी किती दिवसांनी मान वर करून एक दाबलं. किती तास? खरं म्हटलं तर सहा. पण सहा! आठवड्यात सहा तास काम करणारी बाई उरलेला वेळ करते काय, असं ती विचारणार नव्हती, बिचारं यंत्र ते. पण मला मात्र तसं विचारलेलं ऐकू आलं. माझ्या बोटांनी आपण होऊन फडकं उचललं. तीन. पाच. "धन्यवाद," बाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांत मला कुणी इतकं स्वच्छ, इतकं संशय न घेता धन्यवाद म्हटलं नव्हतं.

चेनचं खूळ आलं ते माझ्या नवऱ्याच्या, लिओच्या जॅकेटपायी. आमच्या ह्या बेटावरच्या शहरात वारा माणसाला चढावरच्या कोपऱ्यावर गाठतो, पोटाशी धरतो आणि दोन्ही हातांनी उघडायला बघतो. फेब्रुवारी येईपर्यंत अर्धं गाव कोट मुठीत आवळून चालत असतं. कंपनीने आमचा मजला बंद केला त्याच आठवड्यात लिओच्या जॅकेटची चेन गेली, आणि दोन दिवसांनी त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, आल्बर्टाच्या तेलाच्या खाणीवर परत जायचं होतं. दुकानदार म्हणाला, नवंच घ्या. मी लिओच्या आजीचं यंत्र माळ्यावरून उतरवलं. टाके उसवत गेले आणि जुनी चेन, मासा साफ करताना काटा निघतो ना, तशी अख्खी हातात आली. नवी लावली, रनर खालून वर ओढला, आणि तो आवाज आला. बारीक, सरळ, आत काहीतरी आपापल्या जागी जाऊन बसतंय असा. मी तो तीनदा ओढला. पाच वर्षं मी लोकांना सांगत आले होते की तुमची बॅग आम्ही शोधतोय, आणि फोन ठेवल्यावर ती कुणाला सापडली की नाही ते मला कधी कळलं नव्हतं. इथे मात्र ऊना दुपारी झोपली की एक उघडं जॅकेट समोर घ्यायचं, आणि ती उठायच्या आत ते मिटलेलं असायचं. लिओला गल्लीतल्या लोकांनी चेनबद्दल विचारलं, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात जॅकेटं उगवायला लागली. कुणी विचारायला येत नसे. आमच्याकडे मागचं दार न ठोठावता उघडतात. मी ऊनाला वर आंघोळ घालत असले तर खाली पावलं वाजायची, आणि खाली यावं तर खुर्चीवर एक जॅकेट वाढलेलं. नेतानाही तसंच. टेबलावर मूस हरणाच्या मटणाची बरणी, नाहीतर रानबेरींचा जाम, नाहीतर मिठाच्या डबीखाली सरकवलेली नोट. आणि 'अहो, हे कशाला' म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत दार लागलेलं.

लिओला फोनवर सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. "मालकिणीशी लग्न केलं मी, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!" मग त्याचा आवाज खाली आला. "ट्रूडे, भत्ता नाही आला तर माझ्या एकट्यावर ते घर नाही गं चालायचं. इकडे या दोघी. मी एक खोली बघून ठेवलीये. गालिचा आहे. सगळं सपाट आहे, वारा नाही." तो हे अगदी मायेने म्हणाला. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे, असा आमचा संसार. रोज त्याच्याजवळ झोपायला कुणाला नको होतं? मला हवं होतं. पण तो सपाट शब्द मला खटकला. आमच्या ह्या जुन्या घराची जमीन खिडकीकडे उतरती आहे, वाटाणा ठेवला तर घरंगळत जातो. ऊना त्या उतारावर चालायला शिकली. चढाकडे जाताना ती पोट पुढे काढून, म्हाताऱ्या खलाशासारखी एका अंगावर झुकून चालते. सपाट जमिनीवर ती पडेल असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच. जिथे दाराला भोक असतं आणि लोक त्यातून आधी बघून मग उघडतात, तिथे मी कुणाची कोण असेन? अपील हरलं तर एप्रिलच्या आत सामान बांधायचं, जिंकलं तर नवी नोकरी लागेपर्यंत इथेच राहायचं, असं आमचं ठरलं. चार ठिकाणी अर्ज टाकलेले होतेच.

अपिलाचं पत्र आलं, त्यात सहा गोष्टी छापल्या होत्या ज्या अपील ऐकणारे साहेब बघणार: वेळ किती जातो, पैसा किती घातला, मिळतं किती, धंदा किती दिवस टिकेल, काम कशा जातीचं, आणि दुसरी नोकरी मिळाली तर करणार का. थोडक्यात, माझा धंदा इतका किरकोळ आहे की त्यावर कुणी जगूच शकणार नाही, हे मला दाखवायचं होतं. म्हणजे लहान व्हायचं. मला वाटलं, हे तर मला झोपेतसुद्धा येईल. दिवसाला दीडशे वेळा 'माफ करा साहेब' म्हणून पाच वर्षं पगार घेतला होता मी. ऊनाला टबात बसवून मी तिच्यापुढे तालीम करायला लागले. "साहेब, हे काही काम नव्हेच." ऊना टाळ्या पिटायची. "साहेब, नुसता विरंगुळा आहे." आणि नेमकं तेव्हाच ते एक छोटं लाल जॅकेट डोळ्यांपुढे यायचं, ज्याची चेन अस्तराच्या आतल्या बाजूला दडलेली होती आणि जे उघडायला मला तीन दुपारी लागल्या होत्या, तिसऱ्या दुपारी ते मिटलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने 'हा!' म्हणाले होते. त्याला विरंगुळा म्हणताना जीभ जड व्हायची. काय गंमत आहे, मी विचार करायचे, आयुष्यभर ज्याचा सराव केला ते उपयोगी पडायची वेळ आली, आणि आता ते येईना.

साक्षीला डल्सीमावशी. ती नात्याने माझी कुणी नाही. सगळ्या गल्लीचीच मावशी आहे. शेजारच्या हिरव्या घरात राहते, मी मुलाखतींना जाते तेव्हा ऊनाला सांभाळते, आणि बोलायला लागली की मध्ये श्वास घेते की नाही याबद्दल तिचा नवरा अॅम्ब्रोज पन्नास वर्षं विचारात आहे. मी डब्यातलं दूध घालून चहा ठेवला आणि तिला समजावलं, "मावशी, फक्त खरं ते सांगायचं. काम थोडं आहे, एवढंच." "अगं कळलं, मला काय कळत नाही?" ती म्हणाली. "थोडं. चिमूटभर. आहे की नाही असं. आता तो चहा ओत, बाई, उकळून आटत चाललाय."

सुनावणी फोनवर, सकाळी साडेदहाला. साहेबांनी दहालाच फोन केला. मुख्य भूमीवरची माणसं आमचं घड्याळ अर्धा तास पुढे असतं हे लक्षात ठेवायचा इतका प्रयत्न करतात की तो अर्धा तास दोनदा वजा करतात. माझ्या एका हातात ऊनाचा लंगोट होता. "अरे देवा, चुकलं वाटतं माझं," साहेब म्हणाले. आर्सेनो नावाचे गृहस्थ, बोलण्यात फ्रेंच हेल, प्रत्येक वाक्य शेवटी वर उचललेलं, त्यामुळे ते सगळंच विचारतायत असं वाटायचं. "मी थांबू?" "नका थांबू," मावशी मागच्या दारातून आत येता येता ओरडली, "आम्ही आहोत!"

"बाई, खरे तास किती?" त्यांनी मला विचारलं.

"सहा. कधी सात."

"आणि कळवलेत पस्तीस. का?"

मी हातातल्या लंगोटाची घडी घालायला लागले. मावशीला तेवढाही वेळ सोसला नाही. तिने खुर्ची फोनकडे ओढली, केस सारखे केले, जणू पलीकडून दिसत होतं. "साहेब, सहा म्हणते ती, तिच्यावर जाऊ नका. लाजते पोरगी. अहो, हिच्यासारखी चेन ह्या अख्ख्या बेटावर कुणी लावून दाखवावी! आमच्या ह्यांचं जॅकेट, बत्तीस वर्षांचं, दुकानवाल्याने हात जोडले होते. आता चर्चमध्ये लोक वळून बघतात."

"अच्छा? अशी किती जॅकेटं झाली असतील?"

"शेकडो!"

मी डोळे वटारले. मावशीने माझा हात थोपटला, घाबरू नकोस, मी आहे ना, असा.

"म्हणजे धंदा मोठा आहे?" साहेबांनी विचारलं. मला वाटतं, विचारलंच.

"मोठा म्हणजे! उद्या तुमच्या तिकडून लोक विमानाने जॅकेटं पाठवतील, बघाच!"

"मावशी!"

"काय मावशी? परक्या माणसापुढे मी तुला नावं ठेवू? जिवंत असेपर्यंत नाही जमायचं मला!"

तिचे गाल लाल झाले होते, आणि मला एकदम दिसलं की तीही पुसतेय. माझं टेबल. जोरजोरात, गोल गोल, बाहेरचा माणूस बघतोय तोवर. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि ह्या हिरव्या घरातल्या बाईने तिला कधी पाहिलंही नव्हतं. मला हसू आलं. पोटातून आलं, आवरेना, आणि ते हसूच मनात अडलेलं सगळं बाहेर घेऊन आलं. मी सांगितलं. यंत्रातली बाई, खेकड्याचा कारखाना, फडकं, रिकामे हात. "मावशी खोटं बोलत नाही, साहेब, ती माझा मान राखतेय. पस्तीस दाबताना मीही तेच करत होते. खरी जॅकेटं एकोणीस. त्यात एक बाहुलीचं आहे."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज. मावशी हळूच म्हणाली, "बाहुलीचं धरू नकोस गं, ते बरं नाही दिसत."

"शेवटचं," साहेब म्हणाले. "उद्या पूर्ण वेळेची नोकरी मिळाली, तर घ्याल?"

"घेईन. चार ठिकाणी अर्ज आहेत."

"आणि हे चेनचं काम? ते सोडाल?"

उत्तर सोपं होतं. सोडेन, तीनच अक्षरं. मी तालमीत शंभरदा म्हटलं होतं, ऊनाने शंभरदा टाळ्या दिल्या होत्या. गालिचा डोळ्यांपुढे आला, सपाट, सगळीकडे सारखा. मी तोंड उघडलं. "नाही," मी म्हणाले. "सहाचे तीन तास होतील. रविवारी करीन. पण सोडणार नाही, साहेब." आणि म्हटल्याबरोबर अंगावर काटा आला, पाण्यात उडी मारल्यावर पाणी लागायच्या आधी येतो तसा, आणि त्याच क्षणी हलकंही वाटलं.

साहेब थोडा वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी हे काम करतोय. साक्षीदाराने अर्जदाराला इतक्या प्रेमाने बुडवताना मी आजवर पाहिलं नाही." मावशीने फोनकडे बघून मान लववली. तिला ती शाबासकी वाटली; मी तसंच राहू दिलं.

पुढचे बारा दिवस मी त्या एका 'नाही'भोवती घिरट्या घातल्या. बर्फ बाजूला करताना, ऊनाला पायऱ्या चढवताना, लिओने गालिच्याचा फोटो पाठवला तेव्हा. राखाडी होता. चांगला होता हो, त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. मी दोन खोकी आणून माळ्याच्या जिन्याखाली ठेवली, आणि ऊना एकात जाऊन बसली, आणि मी ती तशीच राहू दिली. विचित्र म्हणजे मला पश्चात्ताप करायचा होता आणि तो येत नव्हता. रात्री लवकर झोप लागायची, दाणकन.

तेराव्या दिवशी दुपारी पाकीट आलं. पंधरा परिच्छेद होते. मी उभ्यानेच वाचत सुटले. अर्जदाराने आपले तास वाढवून सांगितले, ही गोष्ट खरी. परंतु तसं करण्यात तिचा काहीच फायदा नव्हता, उलट तोटाच होता, आणि तिने दिलेलं कारण मला पटतं. साक्षीदाराच्या सांगण्याला आकड्यांपुरतं मी महत्त्व देत नाही. धंदा इतक्या अल्प प्रमाणात आहे की त्यावर कुणीही उपजीविका करणार नाही. भत्ता मागल्या तारखेपासून चालू करावा. आणि शेवटून दुसरा परिच्छेद, जो मी पाय दुमडून जमिनीवर बसून वाचला: "काम सोडणार नाही असं अर्जदार म्हणाली, हे मी विचारात घेतलं. ह्या कामात तिला आनंद मिळतो असं मला दिसतं. कायद्याने पाहायला सांगितलेल्या सहा गोष्टींमध्ये आनंद येत नाही, त्यामुळे तो मी तिच्याविरुद्ध धरू शकत नाही."

मावशी न ठोठावता आत आली तेव्हा मी तिथंच बसले होते. तिने चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून वाचलं, आणि तिचं बोट एका जागी थांबलं. "अल्प?" ती म्हणाली. "कुणाला अल्प म्हणतोय हा?"

"मावशी, आपण जिंकलो!"

"जिंकलो तर हे काय लिहिलंय? आणि माझ्या सांगण्याला महत्त्व देत नाही? अॅम्ब्रोजने लिहिलं असतं तर समजू शकते! ह्याच्यावर अपील कुठे करतात?"

"जिंकल्यावर अपील करत नाहीत गं."

"ते त्यांनी ठरवायचं?" तिने कोट चढवला, सर्रकन चेन वर ओढली, आणि गल्लीला सांगायला निघून गेली. खिडकीतून मी तिला उतारावरून जाताना बघितलं, पहिल्याच दाराशी थांबून हातवारे करताना. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार होतं की आमच्या ट्रूडीला सरकारने अल्प म्हटलं, आणि ह्या गल्लीची रीत मला ठाऊक होती: अपमान झाला म्हणून उद्या माझ्या खुर्चीवर जॅकेटांचा डोंगर असणार. त्यातली सहा तासांत न मावणारी मला आता परत करावी लागणार होती. मी मान खाली घालून नाही, हसत परत करणार होते. अल्प. मी तो शब्द तोंडात घोळवला. त्यात मी, ऊना, उतरती जमीन आणि अख्खी गल्ली मावत होती, वर थोडी जागाही उरत होती.

लिओची दहाची चहाची सुट्टी असते तेव्हा आमच्याकडे दीड वाजून गेलेला असतो. ऊनाला कडेवर घेऊन मी फोन लावला, आणि तो शेवटून दुसरा परिच्छेद त्याला वाचून दाखवला. 

"पुन्हा वाच," तो म्हणाला. मी वाचलं. "खोलीवाल्याला नको म्हणून सांगतो."

"तुला वाईट वाटलं?"

"वाटलं की. आणि नाहीही वाटलं. तू हसतेस तेव्हा मागे ते घर करकरतं, ते इथे कुठून ऐकू आलं असतं?" मग त्याने फोन बाजूला धरला आणि त्या पत्र्याच्या खोलीत चहा पीत बसलेल्या सगळ्यांना, जे निम्मे-अधिक आमच्याच बेटावरचे, ओरडून सांगितलं, "पोरांनो, माझी बायको अल्प ठरली!"

तिकडे दहा-बारा बाप्यांनी अशी आरोळी ठोकली की ऊना दचकून माझ्या मानेला बिलगली, आणि मग स्वतःच ओरडायला लागली. टेबलं बडवल्याचा आवाज येत होता. कुणीतरी मध्येच हाक मारली, "अहो वहिनी, आता एवढ्या अल्प झालात, तर माझ्या जॅकेटकडे बघाल का?"

"नंबर लावून जा म्हणावं त्याला," मी लिओला सांगितलं. "आठवड्याला सहाच तास असते मी."